अर्बुद-शुद्धता
अर्बुदातून काढलेल्या ऊतकाच्या नमुन्यातील एकूण पेशींपैकी कर्करोगपेशींचे शेकडा प्रमाण म्हणजे अर्बुद-शुद्धता होय. अर्बुदात कर्करोगपेशींबरोबरच संयोजी ऊतकाच्या, रक्तवाहिन्यांच्या व रोगप्रतिकारक पेशीही असतात.

मापन

विकृतिशास्त्रज्ञ ऊतकाचा पातळ छेद हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या रंजकांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि एकूण केंद्रकांपैकी कर्करोगपेशींची केंद्रके किती, याचा अंदाज करतात. केवळ क्षेत्रफळ पाहिल्यास आकाराने मोठ्या कर्करोगपेशींचे प्रमाण वाजवीपेक्षा जास्त वाटते. थोड्या जागेत दाटलेल्या लहान लिंफोसाइट पेशी हिशेबातून निसटतात. नजरेने केलेल्या अंदाजात दोन तज्ज्ञांचे आकडे बरेच भिन्न असू शकतात. डीएनएच्या विश्लेषणावरून शुद्धता काढणाऱ्या संगणकीय पद्धतीही आहेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘ॲब्सोल्यूट’ ही त्यांपैकी एक.

महत्त्व

प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोन प्रती असून कर्करोगपेशींत त्यांपैकी एकीतच उत्परिवर्तन असेल, तर ४०% शुद्धतेच्या नमुन्यात ते सुमारे २०% प्रतींत आणि २०% शुद्धतेच्या नमुन्यात सुमारे १०% प्रतींतच आढळते. सँगर क्रमनिर्धारण पद्धतीत साधारणतः १५ ते २०% पेक्षा कमी प्रमाणातील उत्परिवर्तन खात्रीने ओळखता येत नाही. त्यामुळे फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर जनुकात उत्परिवर्तन असूनही अहवाल नकारात्मक येऊ शकतो व रुग्ण उपयुक्त औषधाला मुकू शकतो. शुद्धता कमी असल्यास छेदातील कर्करोगपेशींनी दाट असा भाग खरवडून वेगळा तपासतात, अधिक संवेदनशील चाचणी वापरतात किंवा नवा नमुना घेतात. अशा नमुन्याचा नकारात्मक अहवाल निर्णायक मानला जात नाही.