सीएसआर म्हणजे काय? खाणीचे खड्डे बुजवणे त्यात येते का?

कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी तालुक्यात डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाला सडा म्हणतात. जांभ्या दगडाच्या या सड्यांमध्ये बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचे खनिज सापडते. पावसाळ्यात हेच सडे पाणी मुरवतात, त्यावर खालचे झरे चालतात आणि गुरांना चराई मिळते. बॉक्साइट काढायचे तर सडा खोदावा लागतो. मग खाण कंपनी गावाचे नेमके काय देणे लागते?

कायदा काय सांगतो?

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार पुढीलपैकी एक अट लागू असलेल्या कंपनीला सामाजिक उत्तरदायित्व, म्हणजे सीएसआर, बंधनकारक आहे:

- निव्वळ संपत्ती ५०० कोटी रुपये किंवा जास्त
- उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा जास्त
- निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा जास्त

अशा कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करायची असते. त्यात पर्यावरण संवर्धनही येते. कंपनी जिथे काम करते, त्या भागाला प्राधान्य द्यावे, असेही कायदा म्हणतो.

सीएसआरमध्ये काय धरत नाहीत?

खरी गफलत इथेच होते. दुसऱ्या कायद्याने आधीच बंधनकारक असलेले काम सीएसआर म्हणून दाखवता येत नाही. २०२१ च्या सुधारित नियमांत हे स्पष्ट आहे. खाणीचे खड्डे बुजवणे, माती परत पसरणे, झाडे लावणे या पर्यावरण मंजुरीच्या अटी असतील, तर ते उपकार नव्हेत, कर्तव्य आहे. शाळेला संगणक दिले म्हणून ते माफ होत नाही.

जिल्हा खनिज निधी वेगळा

खाणबाधित गावांसाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. खाणपट्टाधारक रॉयल्टीखेरीज तिच्या १० ते ३० टक्के रक्कम त्यात भरतात. हा पैसाही सीएसआर नाही.

गावकऱ्यांनी काय तपासावे?

- कंपनीच्या संकेतस्थळावरील सीएसआर प्रकल्पांची यादी
- पर्यावरण मंजुरीच्या अटींचा सहामाही पालन अहवाल
- जिल्हाधिकारी कार्यालयाकडील खनिज निधीचा हिशेब

ग्रामसभेत हे तिन्ही कागद शेजारी ठेवले, की कोणते काम कंपनीने स्वतःहून केले आणि कोणते करणे तिला भागच होते, हे कळते. खोदलेल्या सड्याखालचा झरा आटला, तर दाद मागताना हाच फरक कामी येतो.