पक्क्या रंगाची गोष्ट

आमचे आजोबा परळच्या एका मिलमध्ये डाईंग खात्यात होते. १९८२चा संप झाला, मिल गेली, आणि बिऱ्हाड घाटकोपरला आलं. पण त्यांची एक फुशारकी अजून कायम आहे: "साडी फाटेल, पण आमच्या खात्यातला रंग जायचा नाही!"

परवा मरोळला मिठीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. खालचं पाणी बघून हे वाक्य आठवलं. कापडावरचा रंग जात नाही, मान्य. पण जो कापडावर बसलाच नाही तो जातो कुठे? मिठीतली बरीचशी घाण गटाराची आहे, सगळा दोष रंगाला देता येणार नाही. तरी २०१७ साली तळोज्यात निळी कुत्री फिरत होती आणि २०२० साली डोंबिवलीत रस्ता गुलाबी झाला होता, हे फोटो आपण सगळ्यांनीच फॉरवर्ड केले होते. झालं, किडा डोक्यात शिरला आणि वीकेंड गेला. शोधत शोधत पोचलो कुठे, तर माटुंग्याला!

आधी थोडा इतिहास. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा १८ वर्षांचा पोरगा क्विनीन बनवायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग. कृत्रिम रंगांचा धंदा तिथून उभा राहिला. योगायोग बघा, त्याच वर्षी मुंबईत कावसजी दावरांची पहिली कापड गिरणी चालू झाली. पुढे गिरण्या वाढल्या तशी रंगाची माहिती असलेली माणसं हवी झाली. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रसायन तंत्रज्ञानाचा विभाग काढला. तोच आपला यूडीसीटी, आजची आयसीटी. १९३८ साली के. वेंकटरामन त्याचे पहिले भारतीय प्रमुख झाले. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ १९५२ साली निघाला आणि पुढे आठ खंडांपर्यंत गेला. जगभरचे रंगवाले तो उघडून बसायचे.

आता खरी मेख. चांगला रंग कोणता? जो उन्हाने विटत नाही, साबणाने जात नाही. पण मग सांडपाण्यातले जंतूही त्याला सहजासहजी खाऊ शकत नाहीत. आमच्या भाषेत, जे फीचर तोच बग. त्यात सुती कापडावरच्या रिॲक्टिव्ह रंगांचा कधी पाव, कधी त्याहूनही जास्त भाग न बसताच पाण्यात जातो. कोळशाने शोषून घ्या किंवा तुरटीसारखं काही घालून खाली बसवा, रंग नुसता पाण्यातून गाळात जातो. म्हणजे बग एका फाईलमधून काढून दुसऱ्या फाईलमध्ये टाकला!

रंगाचा रेणूच तोडायचा तर काय करायचं? इथे गोष्ट एकदम जहाजांकडे वळते. वेगात फिरणाऱ्या पंख्यांभोवती पाण्यात बुडबुडे होतात, ते फुटतात आणि धातूला खड्डे पाडतात. लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली या बुडबुड्यांचं गणित मांडलं. बुडबुडा मिटताना त्याच्या आत क्षणभर हजारो अंश तापमान होतं. त्यात पाण्याचा रेणू तुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो, आणि हा गडी समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो.

यूडीसीटीतल्या अनिरुद्ध पंडित यांनी हा उपद्रव कामाला लावला. १९९३ साली ज्येष्ठराज जोशींबरोबर त्यांनी तेलांवर प्रयोग केले होते. २००२ साली एम. शिवकुमार आणि पंडित यांनी ऱ्होडामाईन बी या झगझगीत गुलाबी रंगाचं पाणी घेतलं. (हाच रंग सापडला म्हणून २०२४ साली तामिळनाडूने 'म्हातारीचे केस' विकायला बंदी केली.) युक्ती साधी. पंपाने पाणी भोकांच्या चकतीतून ढकलायचं. भोकात वेग वाढतो, दाब पडतो, बुडबुडे होतात. पुढे दाब परत चढला की ते मिटतात. भोकं किती आणि केवढी, यावर सगळा खेळ. हेच काम अल्ट्रासाऊंडने करण्यापेक्षा या पद्धतीत तेवढ्याच ऊर्जेत जास्त रंग तुटतो, असं त्यांना दिसलं.

म्हणजे जिथे पक्क्या रंगाचं शास्त्र शिकवलं, तिथेच तो तोडायचंही शास्त्र शोधलं गेलं. पण एवढ्यावर टाळ्या वाजवू नका. पाणी पांढरं झालं म्हणजे स्वच्छ झालं असं नाही. रंग गेला तरी तुकडे उरू शकतात, आणि काही ॲझो रंगांच्या तुकड्यांतली अमाईन्स कॅन्सरला कारण ठरतात. शिवाय कारखान्याच्या पाण्यात एकटा रंग नसतो. मीठ, साबण, अजून काय काय असतं.

रविवारी जेवताना आजोबांना हे सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्ही बसवलेला रंग आता माटुंग्याचे लोक तोडतायत. त्यांनी शांतपणे वरणभात कालवला.

"चांगलं आहे की. पण काय रे, तो पंप चोवीस तास चालवायचा म्हणजे विजेचं बिल कोण भरणार? आमचा मालक तर रात्री पाणी सोडायचा."

भोकांचा हिशोब २००२ सालीच झाला होता. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. असो, पापड मागितला.