कोरिंबिया फिसिफोलिया

कोरिंबिया फिसिफोलिया हा मिर्टेसी कुळातील, शोभेसाठी लावला जाणारा सदाहरित वृक्ष आहे. पेरू व जांभूळ ही झाडेही याच कुळातील. हा वृक्ष निलगिरीचा (युकॅलिप्टस) जवळचा आप्त असून लाल फुलांमुळे 'लाल फुलांची निलगिरी' असे त्याचे वर्णन करता येते. त्याचे मूळस्थान पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावरील वॉलपोल व डेन्मार्क या गावांजवळचा लहानसा प्रदेश आहे. ऑस्ट्रेलियातील इतर भागांत आणि अमेरिकेतील कॅलिफोर्नियात तो बागांत व रस्त्याकडेला आढळतो.

नामकरण

फर्डिनांड फोन म्युलर यांनी 1860 मध्ये या जातीचे वर्णन 'युकॅलिप्टस फिसिफोलिया' या नावाने केले. 'फिसिफोलिया' म्हणजे अंजीरवर्गीय झाडासारखी पाने असलेला. 1995 मध्ये केन हिल व लॉरी जॉन्सन यांनी तिचा समावेश कोरिंबिया प्रजातीत केला.

वर्णन

वृक्ष साधारणतः 10 मीटरपर्यंत वाढतो. साल खडबडीत व तंतुमय असते. फुलोरे फांद्यांच्या टोकांशी, पर्णसंभाराच्या बाहेर येत असल्याने उठून दिसतात. फुलास सुट्या पाकळ्या नसतात. कळीवरील टोपण गळून पडल्यावर उलगडणारे असंख्य पुंकेसरच त्यास रंग देतात. हा रंग लाल, गुलाबी, नारिंगी किंवा मलईसारखा पांढरा असतो. मायदेशी बहर उन्हाळ्यात येतो. फळ काष्ठमय व कलशाच्या आकाराचे असते.

अभिवृद्धी

बियांपासून रोपे सहज तयार होतात. मात्र मातृवृक्षाचा रंग रोपात उतरेलच असे नाही. कोरिंबिया कॅलोफिला या जवळच्या जातीशी संकर होत असल्यामुळे ही अनिश्चितता वाढते, आणि रंग कळण्यासाठी पहिल्या बहराची अनेक वर्षे वाट पाहावी लागते. म्हणून निश्चित रंगासाठी कलमे वापरतात. 'समर रेड' व 'समर ब्यूटी' हे कोरिंबिया टायकोकार्पा या उष्ण कटिबंधीय जातीशी झालेल्या संकरातून आलेले वाण कलमांच्या रूपात मिळतात.

लागवड व निगा

भरपूर ऊन आणि उत्तम निचऱ्याची, किंचित आम्लधर्मी, रेताड जमीन मानवते. चुनखडीयुक्त किंवा पाणी साचणारी जमीन टाळावी. कोवळ्या रोपांना कडाक्याच्या थंडीपासून जपावे लागते. कुंडीत फार काळ राहिलेल्या रोपाची मुळे गोल गुंडाळली जातात व पुढे झाड वाऱ्यात तग धरत नाही. त्यामुळे लहान रोप लावणे हितावह ठरते. मुळे खोल जाईपर्यंत पाणी द्यावे. बुंध्यापासून थोडे अंतर सोडून पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. हलकी छाटणी बहरानंतर करतात. कलमी झाडात जोडाखालून फुटणारे धुमारे वेळीच काढणे आवश्यक असते, अन्यथा खुंटच वाढून कलमाचा भाग मागे पडतो.

रोग

क्वांबॅलेरिया कॉयरेकप या बुरशीमुळे फांद्यांवर व खोडावर व्रण पडतात. व्रणाने खोडास पूर्ण वेढा घातल्यास वरचा भाग वाळतो. बुरशीचा शिरकाव जखमांतून होऊ शकत असल्याने सालीस इजा होणार नाही याची काळजी घ्यावी.