श्वसन आणि काचबिंदूतील नेत्रदाब

श्वास घेण्याच्या, सोडण्याच्या आणि रोखण्याच्या पद्धतीचा काचबिंदू झालेल्या व्यक्तीच्या नेत्रदाबावर होणारा परिणाम हा नेत्रवैद्यक आणि शरीरक्रियाविज्ञान या दोन्ही शाखांचा अभ्यासविषय आहे. संथ व विनासायास श्वसनाने नेत्रदाब वाढत नाही. काही अभ्यासांनुसार तो थोडा उतरतो. याउलट श्वास कोंडून जोर लावल्यास तो काही सेकंदांतच चढतो. गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या मुंबईच्या जुन्या भागांत योगकेंद्रे, व्यायामशाळा व मिरवणुकांतील वाद्यवादन यांची परंपरा असल्याने तेथे हा प्रश्न दैनंदिन व्यवहाराचा ठरतो.

नेत्रदाब आणि काचबिंदू

डोळ्याच्या पुढील भागात नेत्रजल हा पारदर्शक द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या सूक्ष्म जाळीतून श्लेम नलिकेत व तेथून शिरांत जातो. हा द्रव किती तयार होतो आणि किती निचरतो यांवर नेत्रदाब ठरतो. सर्वसाधारणपणे तो पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. काचबिंदूत दृक्-चेतेचे तंतू हळूहळू नष्ट होतात व नजर कडेकडून आकसत जाते. दाब या मर्यादेत असतानाही हा रोग होऊ शकतो. मात्र उपचाराने बदलता येईल असा सिद्ध झालेला घटक दाब हाच आहे. गेलेली दृष्टी परत येत नाही. बहुतेक रुग्णांना सुरुवातीस काहीच त्रास जाणवत नसल्याने थेंब सोडून देण्याचा मोह होतो आणि त्यातून होणारे नुकसान उशिरा कळते.

श्वास कोंडल्यावर काय होते

कंठद्वार मिटून छाती-पोटाने जोर लावण्याच्या क्रियेस वालसाल्वा क्रिया म्हणतात. बद्धकोष्ठात कुंथणे, जड वजन उचलणे, खोकल्याची उबळ, फुगा फुगवणे या सर्वांत ती कमीअधिक प्रमाणात घडते. छातीतील दाब वाढला की हृदयाकडे परतणारे रक्त अडते व मानेच्या शिरा फुगतात. डोळ्याकडील शिरांत झडपा जवळजवळ नसल्याने हा तुंबारा थेट तेथपर्यंत पोहोचतो. नेत्रजलाचा निचरा ज्या शिरांत व्हायचा त्यांतलाच दाब चढलेला असतो. शिवाय डोळ्याच्या आतील रक्तवाहिन्यांचे पटल रक्ताने फुगते. नेत्रगोलाचे बाहेरचे कवच फारसे ताणले जात नाही, त्यामुळे रक्ताची थोडीशी भरही दाब लक्षणीय वाढवते. जोर सुटताच दाब उतरतो. म्हणून एखाद्या शिंकेने वा खोकल्याने अपाय होत नाही. प्रश्न वर्षानुवर्षे रोज होणाऱ्या पुनरावृत्तीचा आहे.

नेत्रदाब मोजतानाही हे लक्षात ठेवावे लागते. यंत्रावर हनुवटी टेकताना रुग्णाने नकळत श्वास रोखला, किंवा गळपट्टी घट्ट असली, तर नोंद खऱ्या दाबापेक्षा जास्त येते.

योगाभ्यास

स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे) यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. संस्थेची मुंबई शाखा १९३२ मध्ये निघाली आणि १९३६ मध्ये चौपाटीजवळ आली. यौगिक क्रियांत शरीराच्या पोकळ्यांतील दाब कसा बदलतो हे उपकरणांनी मोजण्याचा पायंडा कुवलयानंदांनी पाडला. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात ऋण दाब निर्माण होतो हे त्यांनी दाखविले. उड्डियानात छातीतील दाबही उतरतो. तेव्हा श्वास थांबविण्याची प्रत्येक क्रिया एकाच मापाने मोजणे बरोबर नाही: श्वास भरून, बंध लावून, ताणून धरलेला कुंभक हा वालसाल्वा क्रियेच्या जवळ जातो, तर अनुलोम-विलोम किंवा पोटाने घेतलेला दीर्घ श्वास तसा नाही.

या दुसऱ्या प्रकाराबाबत भारतातच चाचण्या झाल्या आहेत. ऋषिकेश येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत उघड्या कोनाच्या काचबिंदूच्या रुग्णांनी औषधे चालू ठेवून प्राणायाम व पोटाचे श्वसन केले. सहा महिन्यांत त्यांचा दाब केवळ औषधे घेणाऱ्यांपेक्षा अधिक उतरला. दिल्लीच्या संस्थेतील २०१८ च्या चाचणीत तीन आठवड्यांच्या ध्यानाने दाबाबरोबर कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरकही घटलेले आढळले. अशा चाचण्यांत आपण काय करीत आहोत हे रुग्णाला ठाऊक असते, हा त्यांतील अटळ दोष होय. दोन्हींत थेंब बंद केलेले नव्हते, ही गोष्ट प्राणायामाच्या प्रचारात बहुधा गाळली जाते.

आसनांपैकी शीर्षासनाचा परिणाम निर्विवाद आहे. चेन्नईत ७५ योगाभ्यासकांवर केलेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शीर्षासनात नेत्रदाब सुमारे दुप्पट झाला. अधोमुख श्वानासनासारख्या सौम्य वाटणाऱ्या आसनांतही तो वाढतो. दादरच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिरामुळे (स्थापना १९२५) परिचित असलेल्या मल्लखांबातही शरीर वारंवार उलटे होते. निरोगी मुलांचा डोळा हा ताण सहज पेलतो. काचबिंदूच्या रुग्णांनी मात्र उलटी आसने टाळावीत, असा नेत्रतज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला आहे.

व्यायाम आणि फुंकवाद्ये

वजन उचलताना श्वास रोखल्यास नेत्रदाब अधिक वाढतो, हे २००६ च्या एका ब्राझिली अभ्यासात दिसले. जोर लावताना श्वास सोडावा, ही व्यायामशाळेतील जुनी शिकवण डोळ्यांच्याही हिताची आहे. चालणे व तत्सम हलक्या व्यायामाने दाब काही काळ उतरतो.

ओबो, ट्रम्पेट यांसारख्या हवेला मोठा अवरोध करणाऱ्या वाद्यांच्या वादनात नेत्रदाब चढतो, असे अमेरिकेत २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. आयुष्यभरातील वादनाचे तास जितके जास्त, तितकी दृष्टिक्षेत्राची हानी किंचित अधिक होती. रचनेने सनई ही ओबोच्याच कुळातली. लालबाग-परळच्या गणेशोत्सवात वा गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत वाजणाऱ्या तुतारी व शंखासही कोंडलेल्या श्वासाचा जोर लागतो. आरतीपुरता शंख फुंकणे आणि मिरवणूकभर पितळी वाद्य वाजविणे यांत अर्थातच मोठा फरक आहे.

श्वसनविकार आणि औषधे

हा संबंध उलट दिशेनेही चालतो. काचबिंदूवर सर्रास दिले जाणारे टिमोलोलचे थेंब अश्रुनलिकेतून नाकात व रक्तात उतरतात आणि दमेकऱ्याच्या श्वासनलिका आकुंचित करू शकतात. दम्याच्या रुग्णास ते देत नाहीत. गिरणगावातील सूतगिरण्यांत कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या फुप्फुसविकाराचा मुंबईतील कामगारांवर अभ्यास झालेला आहे. परळच्या केईएमसारख्या रुग्णालयात येणाऱ्या निवृत्त गिरणी कामगारास थेंब लिहून देण्यापूर्वी श्वासाची चौकशी करणे म्हणूनच आवश्यक ठरते. रुग्णानेही दमा असल्याचे नेत्रतज्ज्ञास आणि काचबिंदू असल्याचे छातीच्या डॉक्टरांस आपणहून सांगावे. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे, क्वचित श्वासावाटे घेतलेलीही, नेत्रदाब वाढवू शकतात. नेब्युलायझरमधील इप्राट्रोपियमची वाफ मुखवट्याच्या फटीतून डोळ्यांत गेल्यास अरुंद कोनाच्या डोळ्यात काचबिंदूचा तीव्र झटका येऊ शकतो. डोळा लाल होऊन दुखणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे व उलटी ही त्याची लक्षणे असून त्यावर तातडीने उपचार करावे लागतात. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडील कोपरा दोन मिनिटे बोटाने दाबून धरल्यास औषध रक्तात कमी उतरते.