इवो जिमा : दोन चित्रपट व एक पाठभेद

पानिपतचा अभ्यासक भाऊसाहेबांच्या बखरीवर थांबत नाहीं. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेल्या काशीराजाची फारसी हकीकतहि तो ताडून पाहतो. अमेरिकन दिग्दर्शक क्लिंट ईस्टवुड यानें चित्रपटांत हाच मार्ग धरला. १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें इवो जिमा बेटावर झालेल्या लढाईवर त्यानें २००६ सालीं दोन चित्रपट काढले. 'फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स' हा स्वपक्षाचा. 'लेटर्स फ्रॉम इवो जिमा' हा शत्रुपक्षाचा आणि तोहि बहुतांशीं जपानी भाषेंत.

दुसऱ्या चित्रपटास जपानी सेनापति कुरिबायाशी तादामिची याच्या पत्रांचा आधार आहे. पूर्वीं अमेरिकेंत असतां त्यानें लहानग्या मुलास सचित्र पत्रें धाडलीं होतीं. पुढें त्याच देशाच्या सैन्याशीं झुंजणें त्याच्या नशिबीं आलें. चित्रपटांत २००५ सालीं गुहेंत पुरलेलीं पत्रें सांपडतात, ती मात्र पटकथेची योजना होय. संग्राहकांनीं तिला अस्सल शोध समजूं नये.

चित्रपटाहून मला अधिक वेधक वाटला तो एक पाठभेद. कुरिबायाशीनें १६ मार्च १९४५ रोजीं टोकियोस निरोपाची तार केली व तीस स्वतःचें अंतिम काव्य जोडलें. ती वृत्तपत्रांत आली ती मुख्यालयाच्या हातून 'शुद्ध' होऊन! सैनिक रिक्तहस्तें लढत असल्याचा उल्लेख गळाला आणि काव्यांतील दुःखवाचक शब्दाच्या जागीं नुसती हळहळ दाखविणारा शब्द बसला. लेखनिकाचा हस्तदोष आपण क्षम्य मानतों. हा बदल हेतुपुरस्सर होता. आपल्या माणसांच्या मरणाचें सेनापतीनें दुःख मानावें, हेंच वरिष्ठांस खपलें नाहीं. काकेहाशी कुमिको या लेखिकेनें २००५ सालीं हा भेद वाचकांपुढें मांडला, म्हणून मूळ पाठ सर्वांस कळला.

अमेरिकन बाजूहि निर्दोष नाहीं. पहिल्या चित्रपटाचा आधारग्रंथ जॉन ब्रॅडलीच्या मुलानें लिहिलेला आहे, आणि कथा २३ फेब्रुवारी १९४५ रोजीं जो रोझेंथल यानें सुरिबाची पर्वतावर टिपलेल्या ध्वजारोहणाच्या छायाचित्राभोंवतीं फिरते. त्या दिवशीं तेथें दोन ध्वज चढले, छायाचित्र दुसऱ्याचें. त्यांतील एक असामी ब्रॅडली नसून हॅरोल्ड शुल्ट्झ होती, असें मरीन दलानें २०१६ मध्यें जाहीर केलें. २०१९ मध्यें रेने गॅग्ननचेंहि नांव वगळून तेथें हॅरोल्ड केलर याचें घातलें. चित्रपटाच्या तीन नायकांपैकीं त्या छायाचित्रांत आतां एकटा आयरा हेज उरला आहे.