तळटीप : तक्त्यांतील लिंक

* आटपाडीचे हे गावनिहाय पाणीवाटपाचे तक्ते अनेक एक्सेल फायलींतून जुळवले आहेत. नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने 1993 साली पाणी परिषद भरली तेव्हापासून इथे समन्यायी वाटपाचा आग्रह आहे; टेंभू योजनेच्या पाण्याचा प्रत्येक आकडा म्हणूनच पक्का हवा. मूळ फाइलची जागा बदलली की लिंक जुनाच आकडा दाखवत राहते, म्हणून छपाईआधी सर्व लिंक मॅक्रोने तोडल्या. अशा मॅक्रोत एक अडचण हमखास येते. फाइलीत लिंकच नसेल तर ‘लिंकसोर्सेस’ यादीऐवजी ‘एम्प्टी’ देते आणि ‘यूबाउंड’पाशी ‘टाइप मिसमॅच’ ही 13 क्रमांकाची त्रुटी येते. लूपआधी ‘इजएम्प्टी’ने तपासले की ती टळते. मॅक्रो सुरळीत चालूनही फाइल उघडताना लिंक अपडेट करायची का, असे विचारले जात असेल, तर नेम मॅनेजर, डेटा व्हॅलिडेशन आणि कंडिशनल फॉरमॅटिंग धुंडाळावे. ‘ब्रेकलिंक’ सेलमधल्या सूत्रांच्या जागी मूल्ये ठेवते, पण या कोपऱ्यांतल्या लिंक मागे राहू शकतात. शीटला संरक्षण असेल तर ते आधी काढावे. तोडलेली लिंक ‘अनडू’ने परत येत नाही, म्हणून मूळ फायली वेगळ्या जपल्या आहेत. — संपा.