ब्लास्केट बेटावरचा वाचक

आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, केरीच्या किनाऱ्यासमोर, ग्रेट ब्लास्केट हे बेट आहे. तिथे दुकान नव्हतं, दवाखाना नव्हता, पाद्रीही नव्हता. मासे, मेंढ्या आणि बटाटे यांवर घरं चालत. तोमास ओ क्रिहनने इथेच मासेमारी करत जन्म काढला. 1878 मध्ये त्याचं लग्न झालं. दहा मुलं झाली आणि त्यातली बहुतेक त्याच्या डोळ्यांदेखत गेली. थोरला सात-आठ वर्षांचा होता. समुद्रपक्ष्याचं पिल्लू धरायला गेला आणि कड्यावरून कोसळला. काही मुलं गोवर आणि डांग्या खोकल्याने नेली.

1909 च्या ऑगस्टमध्ये डब्लिनहून आलेली आयलीन निकल्स ही तरुणी तोमासच्या मुलीबरोबर समुद्रात पोहत होती. दोघी लाटांत सापडल्या. त्यांना वाचवायला तोमासचा मुलगा डोनाल पाण्यात शिरला. बहीण वाचली, डोनाल आणि आयलीन बुडाले.

या माणसाला आयरिश वाचता येऊ लागलं तेच मुळी उशिरा. त्याच्या लहानपणी शाळेत शिकवत ते इंग्रजी. घरात आणि होडीवर बोलत ती आयरिश. समुद्र खवळला की बेटकऱ्यांना समोरच्या डून क्वीन गावात मुक्काम पडे. तिथे ओळखीच्या घरची मुलं शाळेत आयरिश शिकत होती आणि पुस्तकातल्या गोष्टी तोमासला वाचून दाखवत. ऐकता ऐकता त्याने पुस्तक स्वतःच्या हातात घेतलं. भाषा तोंडात होतीच, अक्षरं लवकर जुळली. पुढे बेटावरचे शेजारी त्याच्याकडून जुन्या गोष्टी ऐकायला येऊ लागले.

1917 मध्ये किलार्नीचा ब्रायन केली आयरिश शिकायला आला. त्याने तोमासला पिअर लोतीची आइसलँडच्या समुद्रावर जाणाऱ्या मच्छिमारांवरची कादंबरी वाचून दाखवली, गॉर्कीही ऐकवला. आपल्यासारख्या गरीब कोळ्यांवर पुस्तक होऊ शकतं, हे तोमासला इथे कळलं. माझ्या मते बेटाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना. तो लिहू लागला आणि लिहिलेली पानं केलीला पोस्टाने धाडू लागला. 1928 मध्ये त्याची रोजनिशी छापली गेली, 1929 मध्ये आत्मचरित्र. ब्रिटिश म्युझियममधल्या रॉबिन फ्लॉवरने ते 1934 मध्ये इंग्रजीत आणलं.

त्या आत्मचरित्रात मुलांच्या मृत्यूंना फार थोडी जागा आहे. मासेमारी, मेंढरं, लग्नकार्यं यांवर प्रकरणंच्या प्रकरणं. मुलांचं जाणं मात्र एकापाठोपाठ एक, भराभर सांगून टाकलेलं. ही कोरडी वृत्ती नव्हे. ज्या घरात रडत बसायला सवड नव्हती, तिथल्या बापाने तेवढंच कागदावर उतरू दिलं, आणि म्हणूनच ती पानं वाचताना घसा दाटतो.

तोमास 1937 मध्ये वारला. त्याचा मुलगा शॉन आणि सून आयलिश बेटावरच राहत होते. आयलिश लंडनच्या एका स्नेह्याला इंग्रजीत पत्रं लिहायची. तीही पुढे पुस्तकरूपाने आली. 1941 मध्ये बेटावरची शाळा बंद पडली. पुढच्याच वर्षी, मुलीला शाळा मिळावी म्हणून, दोघांनी बिऱ्हाड मुख्य भूमीवर हलवलं. उरलेल्या बेटकऱ्यांना सरकारने 1953 मध्ये बाहेर काढलं, आणि 1969 मध्ये शॉननेही बेटावरच्या आणि नंतरच्या दिवसांवर स्वतःचं पुस्तक आणलं.